तराजूवर चढवण्याआधी एकदा पाहा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

हिवाळा आला की मुंबई-पुण्यात जुन्या मोटारींच्या फेऱ्या निघतात, वृत्तपत्रांत त्यांची रंगीत छायाचित्रे छापून येतात आणि रस्त्याच्या दुतर्फा उभी राहिलेली माणसे गाडी कोणत्या सालची, कोणत्या संस्थानिकाची आणि आज तिची किंमत किती, हे तीन प्रश्न हमखास विचारतात. बॉनेट उघडून दाखवा, असे म्हणणारा क्वचितच भेटतो. मला बॉनेटखालच्या ऐवजाबद्दलच लिहायचे आहे. गेली सहा वर्षे मी १९५१ सालच्या एका एमजी टीडी या दोन आसनी स्पोर्ट्स कारचे मूळ इंजिन पुन्हा उभे करण्याच्या खटपटीत आहे, आणि या काळात जुन्या गाड्यांचे जे मूळ सुटे भाग डोळ्यांदेखत भंगारात नष्ट होताना पाहिले, ते वाचवणे आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या हातात आहे.

ही गाडी माझ्या थोरल्या चुलत्यांची. त्यांनी ती मुंबईत घेतली आणि कोल्हापूरला आणली. पुढे परदेशी गाड्यांची आणि त्यांच्या सुट्या भागांची आयात जवळजवळ बंद झाली. बेअरिंगे गेली, क्रँकशाफ्ट खराब झाला, नवा मिळण्याची आशा उरली नाही, तेव्हा चुलत्यांनी १९७४ मध्ये मूळ इंजिन उतरवून तिथे अँबॅसिडरचे इंजिन बसवून घेतले. त्या काळी अशा किती तरी इंग्लिश गाड्यांना अँबॅसिडरची नाही तर फियाटची इंजिने बसली. मी चुलत्यांना दोष देत नाही. गाडी चालती राहिली म्हणूनच ती भंगारात गेली नाही. शिवाय त्यांनी एक गोष्ट अशी केली, की त्यासाठी मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. उतरवलेले इंजिन त्यांनी विकले नाही. गुऱ्हाळाच्या छपराखाली, गोणपाटात गुंडाळून ते चाळीस वर्षांहून अधिक काळ पडून होते. गोणपाट काढून ब्लॉकवरची काजळी रॉकेलच्या बोळ्याने पुसली, तेव्हा खाली रिव्हेट मारून बसवलेली अष्टकोनी पितळी पट्टी निघाली आणि तिच्यावर ‘एक्सपीएजी टीडी२’ ही अक्षरे व पुढे दहा हजारांच्या घरातला आकडा स्पष्ट वाचता आला. त्या दिवसापासून हे काम सुरू झाले.

एक्सपीएजी हे इंजिन १२५० सीसीचे आहे, सिलिंडरचा व्यास ६६.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ९० मिलिमीटर. १९३९ मध्ये ते एमजी टीबी या गाडीत आले आणि युद्धानंतर टीसी व टीडी या दोन्ही गाड्यांत बसले. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथील एमजीच्या कारखान्यातून १९४९ ते १९५३ या काळात टीडीच्या साडेएकोणतीस हजारांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. म्हणूनच आजही या गाडीच्या सुट्या भागांची मोठी बाजारपेठ अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये आहे. मग अडचण ती काय, पैसे मोजले की भाग घरपोच येत असतील, असे कोणालाही वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले होते. अडचण कुठे आहे, हे समजण्यासाठी या इंजिनाचा एक साधा बोल्ट हातात घेऊन पाहावा लागेल.

या बोल्टची जाडी आठ मिलिमीटर, म्हणजे मेट्रिक. पण त्याच्या डोक्याला लागणारा पाना मात्र व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश मापाचा. याचे कारण इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच शस्त्रनिर्मात्यांनी इंग्लंडमध्ये कॉव्हेन्ट्रीला मशीनगनचा कारखाना काढला. युद्ध संपल्यावर तोच कारखाना मॉरिस या इंग्लिश मोटार कंपनीसाठी इंजिने बनवू लागला आणि १९२३ मध्ये मॉरिसने तो विकतच घेतला. यंत्रे फ्रेंच आट्यांची, ती बदलायची म्हणजे मोठा खर्च. आणि गॅरेजांतल्या मिस्त्रींकडचे पाने मात्र इंग्लिश मापाचे. त्यामुळे आटे फ्रेंच आणि डोके इंग्लिश, असा हा बोल्ट तयार झाला आणि मॉरिसच्याच घराण्यातल्या एमजीच्या इंजिनापर्यंत तीच परंपरा चालत आली. आज आपल्या दुकानात आठ मिलिमीटरचा बोल्ट मागितला तर मिळतो तो सव्वा मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा. या इंजिनाचे आटे एक मिलिमीटरचे आहेत. दुकानातला बोल्ट हाताने एक-दीड फेरा जातो आणि अडतो. इथेच घात होतो. घाईतला मिस्त्री, गंज असेल असे समजून, पान्याला पाइप लावून जोर देतो, आणि सत्तर वर्षे शाबूत राहिलेले बिडाच्या ब्लॉकमधले आटे एका क्षणात कापले जातात. माझ्या ब्लॉकमध्ये अशी तीन भोके निघाली. ती भरून पुन्हा आटे पाडायला कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वयस्कर टर्नरने दोन दिवस घेतले आणि एक मिलिमीटरच्या आट्यांचा टॅप, म्हणजे आटे पाडायचे हत्यार, कुठून मिळवायचा तेही त्यांनाच ठाऊक होते.

बोल्टची ही कथा, तर आतल्या भागांची याहून बिकट. एकाच नावाच्या इंजिनात चार वर्षांत इतके बदल झाले, की ‘टीडीचा भाग’ एवढे सांगून काहीच कळत नाही. इंजिनाचा क्रमांकच सांगावा लागतो. सुरुवातीच्या इंजिनांना सव्वासात इंची क्लच होता, तो ९४०८ या क्रमांकापासून आठ इंची झाला. सिलिंडर हेडमधली पाण्याची छिद्रे आधी लांबट होती, पुढे २२७३५ पासून गोल झाली, आणि त्याबरोबर गॅस्केट बदलले, प्लगची लांबीही बदलली. लांब प्लग जुन्या हेडमध्ये बसवला तर त्याचे टोक ज्वलनकक्षात नको तितके पुढे येते. २४११६ पासून कॅमशाफ्ट बदलला आणि टॅपेटची, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली, फट १९ थाऊवरून १२ थाऊवर आली (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). माझ्या इंजिनाचा क्रमांक या बदलाच्या पुष्कळ आधीचा, म्हणजे त्याला १९ थाऊच हवी. पण बाजारात सहज मिळणाऱ्या तक्त्यात १२ छापलेले असते. ते पाहून फट लावली तर टॅपेटचा आवाज छान बंद होतो आणि मालक खूश होतो. व्हॉल्व्ह मात्र आधी उघडतात, उशिरा मिटतात आणि कालांतराने जळतात. त्या काळातला योग्य भाग म्हणजे केवळ जुना दिसणारा भाग नव्हे. त्या क्रमांकाच्या इंजिनाला कारखान्यात जो बसला असता, तो भाग. हौसेचा आग्रह बाजूला ठेवला तरी इंजिन टिकण्यासाठी हा फरक पाळावाच लागतो.

मूळ नमुन्याबरहुकूम नवे बनवलेले भाग मिळतात आणि त्यांतले काही उत्तम असतात. एसयू या इंग्लिश कंपनीच्या कार्बोरेटरच्या सुया, जेट, गॅस्केट आजही इंग्लंडमध्ये नव्याने तयार होतात आणि ते वापरण्यात मला कमीपणा वाटत नाही. पण सगळेच तसे नसते. तीन वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून रॉकर शाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे रॉकर ज्यावर हलतात तो दांडा, मागवला. खोके देखणे, शाफ्ट आरशासारखा चकाकणारा, मापे मायक्रोमीटरवर अचूक. इंजिन चालू करून गाडी जेमतेम चारशे किलोमीटर चालली आणि वरून खडखड ऐकू येऊ लागली. झाकण काढले, तर प्रत्येक रॉकरखाली शाफ्टला नखाला लागेल अशी खाच पडली होती. टर्नरकाकांनी कानस घेतली आणि शाफ्टच्या टोकावर हलकेच फिरवली; कानस चावली आणि चमचम कीस खाली पडला. मग त्यांनी माझ्या जुन्या, झिजून टाकाऊ झालेल्या मूळ शाफ्टवर तीच कानस फिरवली, तर ती काचेवरून घसरावी तशी घसरली. सत्तर वर्षांपूर्वी कारखान्याने त्या पोलादाचा पृष्ठभाग कठीण करून दिला होता. नव्या शाफ्टवर ते संस्कारच झाले नव्हते. पैसे परत मिळाले नाहीत, याचे दुःख आता उरलेले नाही. त्या कानशीच्या दोन आवाजांतला फरक मात्र अजून कानांत आहे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले त्या गोष्टीकडे येतो. आपल्या राज्यात चाळीस-पन्नास वर्षे चाललेली गॅरेजे एकामागून एक बंद होत आहेत. मूळ मिस्त्री वारले, मुले दुसऱ्या व्यवसायात गेली, जागेला भाव आला, आणि मागच्या खोलीतला माल ‘किलोने उचला’ म्हणून एका फोनवर भंगारवाल्याच्या टेंपोत चढतो. गेल्या वर्षी आमच्या भागातील असेच एक गॅरेज रिकामे झाले. मला बातमी एक दिवस उशिरा लागली. भंगाराच्या वखारीत पोहोचलो तेव्हा एक मुलगा जमिनीवर बसून हातोडीने ॲल्युमिनियमच्या वस्तू फोडत होता, कारण पितळ आणि ॲल्युमिनियमचे भाव वेगळे असल्यामुळे वजन करण्याआधी दोन्ही वेगळे करावे लागतात. त्याच्या पुढ्यातल्या ढिगात मला एक गोल घुमटी दिसली. उचलून पाहिली तर एसयूच्या सव्वा इंची कार्बोरेटरची. जोडीच होती ती. दोन्हींच्या बॉडी मधोमध फुटलेल्या, आतले पितळी जेट काढून डब्यात टाकलेले. फुटलेल्या तुकड्यावर एसयू ही अक्षरे शाबूत होती. त्या मुलाचा यात काहीही अपराध नाही. त्याला जे काम दिले ते तो चोख करत होता. वखारीच्या मालकाने मला बाकीचा ढीग हवा तितका वेळ धुंडाळू दिला आणि त्यात मेणकागदात गुंडाळलेली एक पुडी सापडली. आत एमजीच्या वाय टाइप सलूनचा, म्हणजे याच एक्सपीएजी इंजिनाचा, कधीही न वापरलेला रॉकर शाफ्ट होता. कागद उलगडताच जुन्या ग्रीसचा वास आला. वखारीतच कानस मागून घेतली, ती घसरली. तोच शाफ्ट आज माझ्या इंजिनात आहे. त्याचे मी भंगाराच्या दराने पैसे द्यायला निघालो नाही. त्याची खरी किंमत मालकाला सांगितली आणि ती दिली. ते चकित झाले आणि म्हणाले, “असलं लोखंड आम्ही आजवर किती घातलं असेल भट्टीला!”

हे वाक्य मला झोप लागू देत नाही. जुना मूळ भाग हा नुसता वापरायचा भाग नसतो, तो नमुना असतो. आमच्या शिवाजी उद्यमनगरात आणि आसपासच्या औद्योगिक वसाहतींत बिडाचे ओतकाम करणारे असे कारागीर आहेत, की त्यांच्या हातून या इंजिनाचा कोणताही भाग बनू शकेल. पण त्यांच्यापुढे एक तरी अस्सल भाग ठेवावा लागतो. शिवाय झिजलेला भाग वाळूत दाबून साचा घेतला की झाले, असे होत नाही. वितळलेले बीड थंड होताना शेकडा एकच्या आसपास आकसते, त्यामुळे पॅटर्नमेकरला लाकडी नमुना तेवढा मोठा करावा लागतो आणि यंत्रावर घासून काढायचा भागही वर ठेवावा लागतो. ही सगळी आकडेमोड ज्या मापांवरून करायची, ती मापे न वापरलेल्या अस्सल भागावरच सापडतात. भट्टीत गेलेल्या प्रत्येक पुडीबरोबर एक मोजपट्टी जाते.

हा काही मूठभर श्रीमंतांचा शौक आहे, त्यासाठी इतरांनी का शिणावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल आणि तो रास्त आहे. माझे उत्तर असे, की सरकारने या गाड्यांना आता वारशाची मान्यता दिलेली आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ हा स्वतंत्र वर्ग केला. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, १० वर्षांची मुदत, क्रमांकात व्हीए ही अक्षरे आणि प्रत्येक राज्यात तपासणीसाठी समिती, अशी ती व्यवस्था आहे. चॅसिस, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी या वर्गात बसत नाही. तत्त्व योग्यच आहे. पण अँबॅसिडरचे इंजिन काढून मूळ क्रमांकाचे इंजिन परत बसवणे हा फेरफार म्हणायचा की फेरफाराची दुरुस्ती? झिजलेला सिलिंडर रिबोअर करून, म्हणजे आतून कापून थोडा मोठा करून, मोठ्या मापाचे पिस्टन घालणे, जे त्या काळी प्रत्येक गाडीला कधी ना कधी करावेच लागे, ते कोणत्या बाजूला धरायचे? आपल्या राज्याच्या समितीने हे लेखी स्पष्ट करावे आणि समितीवर किमान एक तरी असा माणूस घ्यावा, ज्याचे हात इंजिनात काळे झालेले आहेत, अशी माझी विनंती आहे.

मूळपणाचा माझा आग्रह आंधळा नाही, हेही सांगितले पाहिजे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल येते. जुन्या एसयू कार्बोरेटरमध्ये जेटभोवतीची सीले बुचाची असत; ती या पेट्रोलपुढे फार काळ टिकतील, यावर मी विसंबत नाही. तिथे आधुनिक, इथेनॉल सोसणारी रबरी सीले घालावीत, त्यात गाडीचा काही अपमान नाही. झिजून फेकून देण्यासाठीच बनवलेल्या वस्तू आजच्या वापराव्यात. ओतीव भाग, क्रमांकाच्या पट्ट्या, शाफ्ट, कार्बोरेटरच्या बॉडी आणि ते विचित्र आट्यांचे बोल्ट मात्र अस्सल राखावेत, अशी रेघ मी माझ्यापुरती आखून घेतली आहे. आणि जिथे नवा भाग घातला तिथे आतल्या बाजूला साल कोरून ठेवतो, म्हणजे पुढच्या माणसाची फसगत होणार नाही.

म्हणून ज्यांच्या घरी वडिलांचे, आजोबांचे गॅरेज किंवा सुट्या भागांचे दुकान बंद व्हायचे आहे, त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे की, माल तराजूवर चढवण्याआधी एक दिवस थांबा. मेणकागदाच्या पुड्या, शिसवी किंवा पत्र्याचे डबे, वरची चिठ्ठी हे वेगळे काढा. चिठ्ठी आणि वस्तूची ताटातूट करू नका, कारण चिठ्ठीवरचा भागक्रमांक गेला की वस्तू मुकी होते. मॉरिस, एमजी, ऑस्टिन, स्टँडर्ड, वुल्झली यांतले कोणतेही नाव दिसले, एसयू किंवा लुकास ही अक्षरे दिसली, तर ती वस्तू फोडू देऊ नका. ‘हिंदुस्थान १०’ असे लिहिलेला डबाही टाकू नका. हिंदुस्थान मोटर्सची ती सुरुवातीची गाडी म्हणजे मॉरिस टेनचीच भारतीय आवृत्ती. तिचे ११४० सीसी इंजिन आणि एमजीचे एक्सपीएजी एकाच घराण्यातले आहे, दोघांचा स्ट्रोकही तोच ९० मिलिमीटर. त्यातला कोणता भाग इथे चालेल, हे मोजून ठरवता येते. पण त्यासाठी तो समोर असावा लागतो. पुण्याच्या जुन्या बाजारातले आणि मुंबईच्या कुर्ल्यातले जाणते विक्रेते हे ओळखतात, त्यांना विचारायला लाज वाटू देऊ नका. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील शिक्षकांनी मनावर घेतले, तर अशा एका बंद गॅरेजची यादी करणे, प्रत्येक भाग मोजून त्याचे रेखाचित्र काढणे, हे फिटर आणि टर्नरच्या विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकापेक्षा सरस प्रात्यक्षिक ठरेल. आमचे टर्नरकाका एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि शिकवायला आजही तयार आहेत.

माझ्या गाडीचे काम आता शेवटाला आले आहे. ब्लॉक, क्रँक, हेड जागेवर आहे. क्लच आठ इंचीच बसला. कार्बोरेटरच्या जोडीतला पुढचा माझ्याकडे आहे, मागच्याची बॉडी नाही. वखारीतल्या तुकड्यांतून ती जुळवण्याचा प्रयत्न केला, पण जमले नाही. नव्याने बनलेली मागवता येईल, तरी अजून वर्षभर थांबायचे ठरवले आहे. गळ्याचा व्यास सव्वा इंच, ॲल्युमिनियमची, डोक्यावर गोल घुमटी आणि अंगावर एसयू ही दोन अक्षरे, अशी वस्तू कोणाच्या माळ्यावर, कोनाड्यात किंवा बंद शटरआड पडलेली असेल, तर ती आधी स्वच्छ फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवावी, एवढेच मागणे आहे.

आपला नम्र वाचक,
कोल्हापूर